तळावरच्या सावल्या

साइड स्कॅन सोनारची प्रतिमा समोर आली की नवखा माणूस तिच्यात लगेच जहाज शोधू लागतो. जाणकाराची नजर आधी जाते ती मधल्या कोऱ्या पट्टीवर. वरून खाली सरकत जाणाऱ्या या चित्राच्या मधोमध एक बारीक उभी रेघ असते. पाण्यातून ओढत नेलेल्या यंत्राची ती वाट. रेघेच्या डाव्या अंगाला डावीकडचा समुद्रतळ, उजव्या अंगाला उजवीकडचा. पण रेघेला लागून तळ सुरू होत नाही. दोन्ही बाजूंना काही अंतर निव्वळ काळोख असतो: ध्वनी निघालेला आहे आणि अजून कशावरही आदळलेला नाही. हा काळोख म्हणजे पाणी. त्याची रुंदी मोजली की यंत्र तळापासून किती उंचीवरून चालले होते ते कळते, आणि पुढच्या सगळ्या वाचनाचा हिशेब या एका आकड्यावर उभा राहतो. पट्टीची कड जिथे अखंड, सुरेख वळत गेलेली दिसते तिथे विंचवरच्या माणसाने तळाचा चढउतार ओळखून केबल वेळच्या वेळी सोडली आणि ओढली, असे समजावे. त्या फेरीत काहीही सापडलेले नसले तरी या कडेला दाद द्यावी.

गोव्याला ही प्रतिमा परकी नाही. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1 जानेवारी 1966 ला स्थापन झाली. लोथलचे उत्खनन करणारे डॉ. एस. आर. राव यांच्या पुढाकाराने 1981 पासून तिथे सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले. वास्कोला नौदलाची जलसर्वेक्षण शिकवणारी शाळा आहे. 1959 मध्ये कोचीला निघालेली ही शाळा 1978 मध्ये गोव्यात आली आणि आज नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हायड्रोग्राफी या नावाने चालते. म्हणजे समुद्राचा तळ ऐकून कागदावर उतरवणाऱ्यांच्या पिढ्या झुआरीच्या तोंडाशी घडल्या. तरीही पेडण्यात किंवा डिचोलीत सोनार म्हटले की लोकांना सिनेमातली पाणबुडी आणि तिचा टिंग-टिंग आवाज एवढेच आठवते. आपण ज्या सोनारबद्दल बोलत आहोत त्याचा आवाज माणसाला ऐकूच येत नाही.

यंत्राचा देह साधा आहे. दीड-दोन मीटर लांबीची नळी, पुढचे टोक निमुळते, मागे पर. काम करणारी माणसे तिला नुसते 'फिश' म्हणतात. बोटीमागे केबलने ती ओढायची. तिच्या दोन्ही कुशींत ट्रान्सड्यूसरच्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि त्या ध्वनीचा पंखा दोन्ही बाजूंना फेकतात. हा पंखा प्रवासाच्या दिशेने अगदी अरुंद, साधारण एक अंशाचा किंवा त्याहूनही बारीक असतो, आणि बाजूला मात्र ऐसपैस पसरलेला असतो. ध्वनीच्या एका हाकेतून, म्हणजे एका पिंगमधून, चित्राची एकच ओळ मिळते. तळाचा पातळ काप काढायचा, परत आलेल्या ध्वनीच्या तीव्रतेप्रमाणे ओळीवर उजेड-अंधार मांडायचा, थोडे पुढे सरकायचे, दुसरा काप काढायचा. सगळे चित्र अशा कापांचे.

यातली खरी गंमत वेगाच्या हिशेबात आहे. पल्ला 100 मीटरचा ठेवला तर ध्वनीला जाऊन-येऊन 200 मीटर कापावे लागतात. समुद्राच्या पाण्यात तो सेकंदाला ढोबळमानाने 1500 मीटर जातो. म्हणजे सेकंदाला फार तर सात-साडेसात ओळी मिळणार. त्याहून घाई केली तर पहिला प्रतिध्वनी परतण्याआधीच दुसरी हाक निघेल आणि दोघांची गल्लत होईल. आता बोट 4 नॉटने, म्हणजे सेकंदाला साधारण 2 मीटर जात असेल तर दोन ओळींमध्ये 27 सेंटिमीटरचे अंतर पडते. मीटरभर रुंदीच्या वस्तूच्या वाट्याला तीन-चार ओळी येतात. तेवढ्यात तिचा आकार जेमतेम उमटतो. तीच बोट 8 नॉटने हाकली की त्या वस्तूला धड दोन ओळीही मिळत नाहीत. ती चित्रात येते खरी, पण कोणाला ओळख न देता निघून जाते. सर्वेक्षणाच्या बोटी दिवसभर रटाळ वाटाव्यात अशा संथ चालीने समांतर फेऱ्या का मारतात, याचे उत्तर या भागाकारात आहे. नांगरलेल्या शेताकडे पाहून नांगरणाऱ्याचा हात ओळखता येतो, तसा चित्र पाहून बोटीच्या सुकाणूवरचा हात मला ओळखू येऊ लागला, तेव्हा कुठे ही कला अंगाशी आली असे वाटले.

ध्वनीची निवड हाही चोखंदळपणाचाच भाग. 100 किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी पाण्यात दीड सेंटिमीटर असते. तो दूर जातो, दोन्ही बाजूंना काही शे मीटरपर्यंतची खबर आणतो, पण बारकावे सोडून देतो. 500 किलोहर्ट्झचा तरंग 3 मिलिमीटरचा. दोरखंडाचे वेटोळेसुद्धा तो दाखवतो, पण शंभरएक मीटरच्या आत दमतो. त्यामुळे आधी मोठ्या पल्ल्याने परिसर पिंजून काढायचा, संशयाची जागा खूण करून ठेवायची आणि मग बारीक ध्वनी घेऊन तिच्याजवळून जायचे, अशी रीत पडली. बहुतेक यंत्रे आता दोन्ही ध्वनी एकाच वेळी सोडतात. तरी दुसऱ्यांदा जवळून जाण्याची रीत कोणी मोडलेली नाही, आणि त्यातच शहाणपण आहे.

फिश तळाच्या जवळून, खालून का चालवायची? तिची उंची पल्ल्याच्या 10 ते 20 टक्के ठेवावी असा दंडक आहे. 100 मीटर पल्ला असेल तर तळापासून 10 ते 20 मीटर. पेडण्याच्या सड्यावर भर दुपारी उभे राहिले तर जांभ्याचे कातळ सपाट, एकसारखे दिसते. सूर्य कलला की त्याच कातळावरची प्रत्येक खोच, प्रत्येक सुटा दगड लांब सावली टाकून आपले अस्तित्व जाहीर करतो. फिश खालून चालवण्याचा हेतू हाच: ध्वनी तिरपा पडावा आणि सावल्या लांबाव्यात. फार उंचावर नेली तर सावल्या आखडतात. फार खाली आणली तर वाटेतल्या पहिल्याच उंचवट्यामागे पलीकडचा सगळा तळ बुडून जातो. या दोन टोकांमधला मार्ग तळ बदलेल तसा क्षणाक्षणाला नव्याने शोधावा लागतो.

आणि सावली हाच या चित्राचा प्राण. तळावर पडलेल्या वस्तूची फिशकडची बाजू ध्वनी जोराने परत फेकते. तिथे चित्रात लख्ख ठिपका येतो. वस्तूच्या मागे ध्वनी पोहोचतच नाही, तिथे काळी सावली. (जुन्या कागदी नोंदींत हे उलटे असे: प्रतिध्वनी काळा, सावली कागदासारखीच कोरी. त्या भुरकट कागदांची गोडी आजच्या तांबूस-सोनेरी पडद्याला नाही, असे माझे जुनाट मत आहे.) लख्ख ठिपका पाहून भाळणारे पुष्कळ असतात. पण तो फसवा असतो. वस्तूचा एखादाच कोपरा, एखादीच कडक बाजू तो दाखवतो, बाकीचे अंग गिळतो. सावली मात्र वस्तूचा बाजूने दिसणारा पुरा आकार तळावर अंथरते. बुडालेल्या जहाजाची बारीक डोलकाठी प्रतिध्वनीत बहुधा हरवते, कारण गोल काठीवरून ध्वनी इकडेतिकडे निसटतो. सावलीत मात्र ती सरळ, लांब, स्पष्ट उमटते. सुरुंग शोधणारे नौसैनिकही ठिपक्यापेक्षा सावलीवर जास्त विसंबतात. सिलिंडरच्या आकाराच्या सुरुंगाची सावली चौकोनी, गोल सुरुंगाची वाटोळी. जी गोष्ट स्वतःहून नीट दिसत नाही ती तिने अडवलेल्या ध्वनीतून ओळखायची, ही कल्पनाच किती खानदानी आहे!

या सावलीवरून उंचीही काढता येते आणि हा हिशेब शाळकरी मुलालाही जमावा इतका देखणा आहे. सावलीची लांबी गुणिले फिशची तळापासूनची उंची, भागिले फिशपासून सावलीच्या शेवटच्या टोकापर्यंतचे अंतर. फिश 10 मीटर उंचीवर आहे, सावली 60 मीटरवर संपते आणि ती 6 मीटर लांब आहे. सहा दाहे साठ, भागिले साठ: वस्तू 1 मीटर उंच. तीच वस्तू फिशच्या अधिक जवळ, 27 मीटरवर असती तर सावली 30 मीटरवर संपली असती आणि तिची लांबी 3 मीटरच भरली असती. उत्तर पुन्हा तेच, 1 मीटर. दोन वेगळ्या फेऱ्यांतल्या दोन वेगळ्या सावल्या एकाच उंचीवर येऊन मिळतात तेव्हा जाणकाराच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते ते पाहण्यासारखे असते. सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीचे मोल इथे वसूल होते. ती नीट मोजलेली नसेल तर हा गुणाकार वाऱ्यावर जातो.

सावलीतही एक बारकावा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वस्तू तळावर टेकलेली असेल तर ठिपका आणि सावली एकमेकांना चिकटून असतात. दोघांमध्ये तळाचा थोडा भाग दिसू लागला, सावली ठिपक्यापासून तुटली, की समजावे, वस्तू तळावर नाही. ती पाण्यात अधांतरी आहे. बांगड्याचा किंवा तारल्याचा थवा असेल, दोराने बांधलेली बोय असेल, नांगराच्या साखळीचा ताणलेला भाग असेल. ठिपका आणि सावली यांच्यातल्या फटीवरून ती वस्तू तळापासून किती वर तरंगत होती तेही काढता येते. माशांचा थवा पुढच्या फेरीत तिथे नसतो, जहाज असते. या एका फटीने किती 'शोध' वेळीच बातमी होण्यापासून वाचले असतील!

आणखी एक: उंचवटा असेल तर आधी उजेड, मग सावली. खळगा असेल तर क्रम उलटतो. खळग्याची जवळची कड ध्वनीला आडवी येऊन सावली आधी पडते आणि पलीकडची, फिशकडे तोंड केलेली कड नंतर उजळते. बुडालेल्या वस्तूभोवती प्रवाहाने रेती उकरलेली असते तेव्हा हे दोन्ही क्रम एकमेकांत गुंफलेले दिसतात. खळग्याची लांबट शेपटी ज्या दिशेला जाते ती तिथल्या प्रवाहाची दिशा. वस्तू कालपरवा पडलेली नाही, तळाने तिला बरीच भरती-सुकती जवळ बाळगले आहे, हेही त्यावरून उमगते.

आता तळाकडे वळू. गोव्याच्या किनाऱ्यापासून साधारण 50 मीटर खोलीपर्यंतचा तळ बहुतांशी चिखलाचा आहे. त्यापलीकडे जुन्या काळची, शिंपल्यांच्या चुऱ्याची रेती लागते. चिखल ध्वनी पितो, म्हणून चित्रात मंद दिसतो, रेती उजळ, खडक प्रखर आणि त्याच्या सावल्या वेड्यावाकड्या. रेतीवरच्या लाटांच्या वळ्या इतक्या नियमित उमटतात की नवखा त्यांना मानवी बांधकाम समजून बसतो. केरी-हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तो पट्टा तर फारच उथळ, तिथे फिश ओढायला जागाच नाही. पण थोडे बाहेर गेले की चिखलावर एकमेकांना समांतर अशा लांबच लांब रेघोट्या दिसू लागतात. ट्रॉलरच्या जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या फळ्या तळावरून घासत जातात, त्यांचे हे ओरखडे. एखादी रेघ सरळ येता येता मध्येच थबकते, वळते, आणि तिथे एक लहानसा लख्ख ठिपका असतो. कोणाचे तरी जाळे तिथे अडकले होते. ही रेघ मला या चित्रांतली सर्वांत बोलकी रेघ वाटते.

जाळे कुठे अडकते हे तांडेलाला सोनारच्या आधीपासून ठाऊक असते. किल्ल्याचा बुरूज आणि मागच्या डोंगराचा खांदा एका रेषेत आले, दुसरीकडे देवळाचा कळस आणि माड जुळले, की खाली खडप आहे, जाळे उचला. दोन रेषा जिथे छेदतात ती जागा. जीपीएस येण्याआधी हा नकाशा फक्त डोक्यात असे आणि बापाकडून मुलाकडे जाई. सोनार घेऊन समुद्रात उतरणारे शहाणे लोक आधी अशा माणसांना विचारतात. अंटार्क्टिकाजवळ वेडेल समुद्रात 1915 मध्ये बुडालेले शॅकल्टनचे 'एंड्युरन्स' जहाज 5 मार्च 2022 ला 3008 मीटर खोलीवर सापडले. पाण्याखालच्या यंत्रावरच्या सोनारने ते दाखवले हे खरे. पण कुठे शोधायचे हे कप्तान वर्स्ली याने बर्फावर उभे राहून, सूर्याच्या वेधांवरून नोंदवलेल्या जागेने सांगितले होते. जहाज त्या जागेपासून अवघ्या चार सागरी मैलांवर निघाले. यंत्राइतकीच दाद त्या नोंदवहीला द्यायला हवी.

पाण्याबद्दल दोन शब्द. ध्वनीचा वेग मी वर 1500 मीटर धरला तो सोयीसाठी. 28 अंश तापमानाच्या खाऱ्या समुद्राच्या पाण्यात तो 1540 च्या घरात जातो; त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात 1504 च्या आसपास राहतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ तेरेखोल, शापोरा, मांडवी या नद्यांच्या मुखांत गोडे पाणी वर आणि खारे खाली असे थर साचतात. ध्वनी नेहमी कमी वेगाच्या पाण्याकडे झुकतो. वर गोडे, म्हणजे मंद पाणी असेल तर तो वर वळतो, दूरच्या तळापर्यंत पोहोचतच नाही आणि चित्राच्या दोन्ही कडा पुसट, रित्या राहतात. एप्रिल-मेमध्ये वरचे पाणी तापते तेव्हा उलटे घडते, ध्वनी खाली वाकून लवकर तळाला लागतो आणि पल्ला आखूड होतो. म्हणून चांगला सर्वेक्षक काम सुरू करण्याआधी पाण्यात उपकरण सोडून खोलीप्रमाणे तापमान आणि क्षारता मोजून घेतो. नदीत तर याची फारच गरज. मांडवीत भरतीचा परिणाम गांजेपर्यंत, समुद्रापासून सुमारे 50 किलोमीटर आत जाणवतो. म्हणजे डिचोली तालुक्याच्या आमोणे, सारमानसच्या धक्क्यांसमोरचे पाणी सकाळी एक आणि दुपारी दुसरे असू शकते. त्यातून खनिजाच्या बार्जी गेल्या की पंख्यामागे उठलेला बुडबुड्यांचा पट्टा चित्रात बराच वेळ ढगासारखा तरंगत राहतो आणि खालचा तळ झाकतो. अशा नदीतून काढलेली स्वच्छ प्रतिमा पाहिली की काढणाऱ्याने भरती-सुकतीचे कोष्टक किती बारकाईने वाचले असेल याची कल्पना येते.

दोषांचेही रसग्रहण करता आले पाहिजे. लाटांनी बोट उचलली गेली की केबल हिसका देते, फिश डोलते, आणि सरळ कड चित्रात नागमोडी होते. वळणावर एकच खडक ताणला जातो किंवा आक्रसतो. डाव्या बाजूचा जोरदार प्रतिध्वनी उजव्या बाजूला फिकट भूत होऊन उमटतो. फिशच्या अगदी खालचा तळ तर आवळून दिसतो: ती 10 मीटर उंचीवर असेल तर पायाखालचे पहिले 5 मीटर चित्रात जेमतेम 1.2 मीटरच्या जागेत कोंबलेले असतात. म्हणून शेजारच्या फेऱ्या एकमेकींवर चढवायच्या, एकीची आंधळी पट्टी दुसरीने पाहायची. आणि संशयाच्या वस्तूजवळून निदान दोन वेगळ्या दिशांनी जायचे. दिशा बदलली की खऱ्या वस्तूची सावली बाजू बदलते. यंत्राने निर्माण केलेले भूत बदलत नाही, किंवा नाहीसेच होते.

ही कसोटी न पार करता आकृत्यांवर विश्वास ठेवला की काय होते त्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. मे 2001 मध्ये खंबातच्या आखातात, 30 ते 40 मीटर खोलीवर, प्राचीन नगराचे अवशेष सापडल्याचे केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी जाहीर केले. आधार होता चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने घेतलेल्या साइड स्कॅन प्रतिमांचा. त्यात चौकोनी आकृत्यांच्या रांगा दिसत होत्या. पुढे तळातून उपसून काढलेल्या लाकडाच्या तुकड्याचे वय साडेनऊ हजार वर्षे आले. पण खंबातचे आखात म्हणजे देशातली सर्वांत जबर भरती-ओहोटी आणि गढूळ, धावते पाणी. तिथे लाकूड कुठून वाहत आले ते कोण सांगणार? पाणबुड्यांनी प्रत्यक्ष भिंत पाहिलेली नाही, वस्तू जागच्या जागी उत्खननात मिळालेल्या नाहीत. पुरातत्त्वज्ञांनी हेच आक्षेप घेतले आणि ते मला रास्त वाटतात. चौकोन पाहून नगर म्हणण्याआधी त्या चौकोनांच्या सावल्या मोजायला हव्या होत्या.

याउलट मुरगावजवळचा सुंची रीफ पाहा. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी तिथे सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले. लोखंडी तोफा, नांगर, चिनी मातीची भांडी, मर्तबानच्या बरण्यांचे तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात. आफ्रिकेचा किनारा आणि पूर्वेकडची बाजारपेठ, दोन्ही एका कातळावर येऊन पडलेली! लाकडी सांगाडा उरलेला नाही. उथळ पाणी, लाटांचा मारा. अशा जागी सोनारचे फारसे चालत नाही, कारण खडकच इतका प्रखर बोलतो आणि इतक्या सावल्या टाकतो की पुटे चढलेली तोफ त्यात वेगळी काढता येत नाही. तिथे माणसाने बुडी मारून हाताने चाचपणेच खरे. द्वारकेला शंभराहून अधिक दगडी नांगर मिळाले तेही पाणबुड्यांच्या नजरेने. गोव्याजवळच्या आमी शोल्सवर मात्र वाफेच्या इंजिनाचे पोलादी जहाज आहे. त्याच्या बॉयलरसारखी भली थोरली, गोल वस्तू सोनारला आवडते. आणि सेंट जॉर्ज रीफवर सापडलेल्या मंगलोरी कौलांवर, विटांवर तर 'बासेल मिशन टाइल वर्क्स 1865' असा छापच आहे. माल कोणाचा हे तिथे अंदाजाने सांगावे लागत नाही. तीन बुडित जहाजे, तीन वेगळ्या रीती. जाणकार तो, ज्याला कुठे यंत्र थांबवावे ते कळते.

खोल समुद्रात गेले की ओढायच्या फिशची जागा जहाजाच्या पोटाला बसवलेले मल्टिबीम घेते. 'सागर कन्या' या संशोधन नौकेवरच्या हायड्रोस्वीप यंत्रातून एका पिंगला 59 झोत मिळत आणि खोलीच्या दुप्पट रुंदीचा पट्टा एकाच फेरीत मोजला जाई. साइड स्कॅन पोत दाखवते, मल्टिबीम खोली मोजते. दोन्ही एकावर एक ठेवले की तळ बोलू लागतो. गोव्यासमोरच्या खंडभूमीच्या उतारावर, 145 ते 330 मीटर खोलीच्या पट्ट्यात, दोनापावलच्या संशोधकांना याच रीतीने शंभराहून अधिक खळगे सापडले. तळाखाली साठलेला वायू आणि द्रव वर निसटताना चिखल उडवून देतात, त्याच्या या खुणा. आधी सावली, मग उजेड, हा वरचा क्रम आठवावा. काहीही 'पडलेले' नसताना, नुसत्या उणेपणातून एवढी मोठी गोष्ट वाचली गेली, याचे मला जहाजांपेक्षाही अधिक कौतुक आहे.

आणि सर्वांत कठीण वाचन कोणते असे विचाराल तर मी ए.एन.-32 चे नाव घेईन. 22 जुलै 2016 ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेले हवाई दलाचे हे विमान 29 जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. तेव्हाच्या मोठ्या शोधात काही हाती आले नाही. साडेसात वर्षांनी, जानेवारी 2024 मध्ये, राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणयानाने चेन्नईपासून सुमारे 310 किलोमीटरवर, 3400 मीटर खोलीत अवशेष दाखवले. मल्टिबीम, सिंथेटिक अॅपर्चर सोनार आणि शेवटी छायाचित्रे, या क्रमाने. सिंथेटिक अॅपर्चरची करामत अशी की साध्या सोनारचा झोत दूर गेल्यावर पसरतो आणि दूरची वस्तू फराटा होऊन दिसते. इथे मात्र यान पुढे सरकताना घेतलेले अनेक पिंग गणिताने एकत्र जुळवले जातात आणि लांबचा तपशीलही जवळच्याइतकाच रेखीव राहतो. ज्या संस्थेच्या खंबातच्या प्रतिमांवर आक्षेप घेतले गेले त्याच संस्थेने दोन दशकांनंतर इथे सोनारच्या आकृतीवर न थांबता कॅमेरा खाली नेला, हे मुद्दाम नोंदवतो.

वाचकाला एवढेच सांगणे: समुद्रतळावर काही सापडल्याची प्रतिमा वर्तमानपत्रात छापून आली तर फिश किती उंचीवर होती, सावली किती लांब भरली आणि दुसऱ्या दिशेने फेरी मारली होती का, हे तीन प्रश्न आधी विचारा. आणि केरी-हरमलच्या ट्रॉलरवाल्यांना विनंती: जाळे जिथे पुन्हा पुन्हा अडकते ती जागा जीपीएसवर टिपून दोनापावलला कळवा. बुडी मारून तिथले काही उचलून मात्र आणू नका. वस्तू जागेवरून हलली की तिच्यावरून काही सांगणे संपते.